करंटले भेणारे निकुरे सर

ज्या माणसाले करंटचं सगळ्यात जास्त भेव, त्यालेच करंट शिकवाले ठेवलं होतं. निकुरे सर त्यायचं नाव. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात अकरावी-बारावीले धंद्याचे कोर्स आहेत. पुस्तकाचं कमी, हाताचं जास्त. एक शेतीचा, एक लेकरं सांभाळाचा, अन् एक इलेक्ट्रिकचा. त्या इलेक्ट्रिकचे मास्तर हे.

मी कॉलेजच्या गेटापाशी शेंगा, चने, बोरं घेऊन बसते. लय वर्षं झाले. मले कॉलेजचं सगळंच माहीत आहे, फक्त आत काय शिकवतात तेवढं माहीत नाई. पण ते आतल्या पोरायलेबी माहीत नसते, म्हणून माहं काही अडलं नाई.

निकुरे सर उंच, वाळलेले, मान पुढं काढून चालणारे. दुसरे मास्तर खिशाले पेन लावत. हे खिशात फ्यूज ठेवत, चिनीमातीचा पांढरा. वर्गाचा मेन बंद करत, फ्यूज काढत, खिशात टाकत, मंगच पोरायले तारेले हात लावू देत. दुपारी माह्यापाशी चने खाले आले तं फ्यूज खिशातच. आत वर्ग अंधारात बसला आहे अन् उजेड इथी चने खाऊन राह्यला आहे, असा तो कारभार. पोरं त्यायले फ्यूज मास्तर म्हणत. त्यायले माहीत होतं. म्हणत, "म्हणू द्या बाई. मयत सर म्हणण्यापेक्षा बरं आहे."

पायात रबरी चप्पल. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, लग्नात, मातीले. झेंडावंदनाले प्राचार्य साहेबानं सांगतलं का सगळ्यायनं बूट घाला. सरनं बूट आणले. हातात धरून उभे राह्यले. पायात चप्पलच.

कॉलेज सुरू झालं का नवीन पोरं इलेक्ट्रिकच्या वर्गासमोर रांगेत उभे राहात. वर्गाची खिडकी गेटाकडूनच आहे, मले बसल्या जागी ऐकू ये. सर विचारत, "करंटले कोण कोण भेत नाई?"

सगळे हात वर. वाघाच्या जंगलातले पोरं, ते कोणाले भेतात.

"तुमी सगळे शेतीच्या कोर्सले जा. तिथी बैल मारते, पण सोडतेबी."

एका साली सरपंचाचं पोरगं आलं होतं. छाती काढून म्हणे, "सर, आमच्या घरी लाइनीवर आकडा मीच टाकतो. ओल्या हातानं टाकतो."

सर म्हणे, "लय चांगलं. तुह्या फोटोले हार कोण टाकन, तेबी घरी ठरवून ठेव."

दुसऱ्या दिवशी सरपंच जीप घेऊन आला. मी म्हटलं, आता मास्तरची काही खैर नाई. सर हात जोडून बाहेर आले. "भाऊ, तुमचं पोरगं लय हुशार आहे. हुशार पोरायले मी घेत नाई. ते एका दिवसात सगळं शिकतात, मंग दुसऱ्या दिवशी मी कोणाले शिकवू?" सरपंचाले समजलं नाई का आपली तारीफ झाली का पाणउतारा. तो जीप घेऊन वापस गेला. तारीफच झाली असन, असं त्यानं धरून घेतलं. सरपंच लोकायले ते जमते.

अजून एक खोड होती. कोणाच्या घरचं काम असो का ऑफिसचं, पह्यले मालकाचा हात. मेन बंद झाला, फ्यूज निघाला, का सर मालकाले म्हणत, "आता तुमी पकडा." मालकानं तार हातानं पकडल्याबगर सर पुढं सरकत नसत. म्हणत, "तुमाले तुमच्या घराचा भरवसा नाई, तं मी काऊन ठेवू?" प्राचार्य साहेबाचा पंखा बिघडला. सरनं सगळं बंद केलं अन् म्हणे, "साहेब, पह्यले तुमचा हात." साहेबाले तवाच एक मीटिंग आठवली. तो पंखा उन्हाळाभर तसाच टांगून राह्यला. साहेब फायलीनं हवा घेत. फायलीचा काहीतरी उपयोग झाला.

मी एकदा विचारलं, "सर, एवढं भेता तं शिकवता कायले?"

"जे भेत नवते तेबी शिकवत होते, बाई. आता राह्यले नाई."

चने खाऊन, हात झाडून गेले.

आता इथी माह्या पोराचं सांगाव लागते, नाई तं पुढचं समजणार नाई. सुरेश त्याचं नाव. आमच्याकडे रानडुकरं धान खातात. मंग लोक बांधावर खुटे ठोकतात, उघडी तार ओढतात, अन् संध्याकाळी जाऊन लाइनीवर आकडा टाकतात. डुक्कर आलं का चिकटते. सकाळी उजाडाच्या आधी आकडा काढाचा. हे गुन्ह्याचं काम आहे हे सगळ्यायले माहीत, म्हणून सगळे चुपचाप करतात. दिवाळी झाली का आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, उजाडेपर्यंत चालतात. आमच्या शेजारचा महादू बाजूच्या गावी नाटक पाहाले गेला, तिकडून आला अन् झोपला. आकडा काढाचा राह्यला. सुरेश सकाळी बांधीत धान पाहाले गेला. बस, एवढंच.

गावानं सांगतलं, साप चावला. सापाले काय, तो बोलत नाई. मातीले महादू सगळ्यात जास्त रडला. खांदाबी त्यानं देल्ला. चांगला शेजारी असाच असते. तवापासून माही सून हिवाळ्यात तेलंगणात मिरच्या तोडाले जाते, अन् मी शेंगा विकते. सुरेशची पोरगी प्रणाली तवा लहान होती. तिले कोणी काही सांगतलं नाई. पण आमचं गाव लहान आहे, न सांगतलेलंच जास्त ऐकू येते.

प्रणाली दहावी पास झाली अन् कॉलेजात गेली. पोरगी आहे म्हणून तिले लेकरं सांभाळाच्या कोर्सात टाकलं. तिथी बाहुलीले आंघोळ घालाले शिकवतात. मामाचे, मावशीचे पोरं हिनं कडेवर वाढवले, अन् आता बाहुलीवर शिकून राह्यली का लेकराची मान कशी धराव. मार्क चांगले पडत. बाहुली रडत नाई, हगत नाई, तिले ताप येत नाई. असे लेकरं भेटले असते तं आमीबी अजून दोन-चार केले असते.

दिवाळीनंतर इलेक्ट्रिकच्या वर्गातलं एक पोरगं मायबापासंगं मिरच्यायले गेलं. जागा रिकामी झाली. दुपारी सर माह्यापाशी चने खात होते, तं प्रणाली येऊन उभी राह्यली. मले वाटलं, शेंगा घ्याले आली.

"सर, मले तुमच्या कोर्सात याचं आहे."

सरनं वरतं पाह्यलं नाई. "अर्धं वर्ष झालं. बाहुली मेली का?"

"नाई. चांगली आहे."

"करंटले भेते का?"

"हाव."

तवा सरनं चने खाणं थांबवलं. "मंग कायले येते?"

"तार बंद कशी करतात, ते शिकाचं आहे."

"चालू करणं नाई?"

"नाई. बंद."

सरनं माह्याकडे पाह्यलं. मी शेंगाचे फोल गोळा कराले लागली. त्यायले सुरेशचं माहीत होतं का नाई, मले सांगता येत नाई. मी सांगतलं नवतं. सर उठले अन् म्हणे, "चाल. साहेबाकडे जाऊ. बाई, तुमीबी चाला, पालक म्हणून कोणी लागन."

मी चने फडक्यानं झाकले अन् गेली. प्राचार्य साहेबाच्या ऑफिसात मी पह्यल्यांदाच गेली. साहेब म्हणे, "मध्येच कोर्स बदलता येत नाही. नियम आहे."

"जागा खाली असन तं येते, असाबी नियम आहे साहेब."

"मुलगी आहे. उद्या खांबावर चढणार का ही?"

"मी तरी कुठी चढतो, साहेब. मले पगार भेटतेच ना."

साहेबाले हासाव का रागवाव समजलं नाई, म्हणून ते पाणी पेले. मंग त्यायनं अट टाकली. मागचे राह्यलेले सगळे प्रॅक्टिकल परीक्षेपर्यंत पुरे कराचे, अन् बाहेर एखाद्या दुकानात प्रत्यक्ष काम करून दाखवाचं. नाई झालं तं दोन्ही कोर्सात नापास. तिकडची बाहुली गेली अन् इकडची मोटर भेटली नाई, असं. "विचार करा," साहेब मले म्हणे. मी म्हटलं, "विचार पोरगीनं केला आहे साहेब. मी फक्त आली आहे."

सुनेले फोन केला. ती मिरचीच्या वावरात होती. म्हणे, "वर्ष बुडलं तं पुढच्या वक्ती माह्यासंगं मिरच्या तोडाले नेते. नाई तं लग्न." लग्नाचं तिच्या डोक्यात महादूनं टाकलं होतं. तो स्थळ घेऊन फिरे. त्याच संध्याकाळी आमच्या अंगणात आला, खाटेवर बसला.

"काकी, हे काय ऐकून राह्यलो मी? पोरीच्या जातीले करंटचं काम? पोरगा चांगला आहे, घरी ट्रॅक्टर आहे. सुरेश असता तं..."

त्यानं बोलणं तिथीच ठेवलं. मी उचललं नाई. प्रणाली घरात तांदूळ निवडत होती, तिचे हातबी थांबले नाई. महादू म्हणे, "बरं, चहा राहू द्या." चहा मी मांडलाच नवता.

मंग हिवाळाभर सरनं तिले शिकवलं. वर्गात बाकीचे पुढं गेलेले, म्हणून दुपारच्या सुट्टीत हिले माह्या दुकानाबाजूनं, कडुलिंबाखाली. एक लाकडाचा बोर्ड होता, त्याच्यावर बटनं, तारा. कुठीच करंट नाई. तरी सर तिच्याकडून दर वक्ती फ्यूज काढवत, अन् मंग विचारत, "बंद झाली?"

"झाली."

"कोण म्हणते?"

"मी म्हणते."

"तू कोण? पाह्य अजून."

ती अजून पाहे. गिऱ्हाईक हासत. एक पोट्टा म्हणे, "सर, याच्यात तं करंटच नाई." सर म्हणे, "बरोबर. म्हणून अजून सगळे जिवंत आहेत."

हात तिचा मंद होता. स्क्रू पिळे तं पिळतच राहे. सर वैतागत, "प्रणाली, स्क्रू लावून राह्यली का त्याचा गळा दाबून राह्यली?" ती स्क्रू सैल करून पुन्हा लावे. सर मले म्हणत, "बाई, तुमची नात वर्गात सगळ्यात हळू आहे."

मी म्हणो, "मंग काढून टाका."

"काढतो कायले? एकच तं भेटली." अन् चने उचलत.

मोटरचं शिकवलं तवा तिले मोटर खोलून देल्ली अन् म्हणे, आवाज ऐकाले शिक. आजारी माणूस कण्हते तशी मोटर कण्हते. प्रणाली घरी येऊन गिरणीचा आवाज ऐके, पाणी ओढाच्या पंपाचा ऐके. मी म्हटलं, माह्याबी गुडघ्याचा ऐक जरा. तिनं खरोखर कान लावला. म्हणे, "आजी, हे बदलाव लागन." म्हटलं, सामान भेटत नाई त्याचं.

सगळे प्रॅक्टिकल झाले. दुकानाचं तेवढं राह्यलं. तालुक्यात मोटर दुरुस्तीचं जे दुकान, तिथी सर तिले घेऊन गेले. दुकानदार म्हणे, "पोरगी बसवली तं गिऱ्हाईक तिलेच पाहात बसन. मोटर कोण पाहीन?"

सर म्हणे, "आता कोण पाहून राह्यलं आहे? महिना झाला, कॉलेजची मोटर तुह्याकडेच पडली आहे."

झालं. दुकानाचा दरवाजा त्या दिवशी दोघायलेबी बंद झाला. जीभ आवरली असती तं काम झालं असतं, पण मंग ते निकुरे सर राह्यले नसते. साहेबाले पुन्हा जाऊन विनंती केली. साहेब म्हणे, दुकान नसेल तर एखाद्या शेतकऱ्याची बंद मोटर तिने तुमच्या समोर चालू करून दाखवावी. बाकी दिवस थोडेच होते. गावोगाव विचारलं. बऱ्याच जणायची मोटर बंद नवती, अन् ज्यायची होती ते पोरीच्या हाती द्याले तयार नवते. एकच असा होता का मोटर बंद अन् त्याच्या उन्हाळी धानाले भेगा पडून राह्यल्या होत्या, म्हणून त्याले नाई म्हणता येत नवतं.

महादूची.

देवाले कधीकधी कामधंदा कमी असते.

मी प्रणालीले म्हटलं, "नको वाटत असन तं राहू दे." ती म्हणे, "आजी, वर्ष जाईन." अन् पिशवीत पकड, पाना भरला.

आमी तिघं निघालो. पळस फुलले होते, ऊन चांगलंच होतं. महादूच्या बांधीले आमच्या अंगानं गेलं का जवळ पडते. बांधावर खुट्यायले तार होती, मांडीएवढ्या उंचीवर. डुकरायची. मी म्हटलं, दिवसाची तार, वाकून निघून जाऊ. प्रणाली थांबली. म्हणे, "आजी, तिकडून." सर तं आधीच वळले होते. आमी अख्खी बांधी वळसा घालून रस्त्याच्या बाजूनं गेलो. मी मनात म्हटलं, गुरू तसाच चेला, दोघंबी मले उन्हात मारतात.

महादू मोटरपाशी उभा होता. "या काकी. या सर. बस पाणी आलं पाह्यजे, एवढं बघा बेटा."

प्रणालीनं मेन बंद केला. फ्यूज काढला. सरसारखा खिशात टाकाले खिसा नवता, मुठीत धरला. अन् म्हणे, "काका, पह्यले तुमचा हात."

महादू हासला. सरची खोड त्यालेबी माहीत होती. फ्यूज पोरीच्या मुठीत दिसत होता. त्यानं मोटरची तार पकडली, हालवून दाखवली. "बस?"

"बस. आता ती."

तिनं बांधावरची तार दाखवली.

"तिचं काय काम आहे बेटा? ती डुकरायची आहे. ती दिवसा बंद असते."

"तं मंग लावा हात."

महादू सरकडे पाहाले लागला. सर आभाळाकडे पाहून राह्यले होते. माह्याकडे पाह्यलं. मी पदरानं तोंड पुसलं. मंग तो तारेपाशी गेला. हात पुढं केला. हात गेला, गेला, अन् तारेपासून एका बोटावर उभा राह्यला. त्याच्या मनगटावरची शीर मले दुरून दिसे.

"काढला होता ना काका आकडा?" प्रणालीनं विचारलं. आवाज चढवून नाई. बाहुलीले आंघोळ घालताना विचारतात, पाणी गरम तं नाई ना, तसं.

महादूनं हात मागं घेतला. म्हणे, "मले आठवून नाई राह्यलं."

सरनं बांधावरचा एक वाळला बांबू घेतला, पळसाच्या मागं लाइनीचा खांब होता तिकडे गेले. तिकडून आवाज आला, "आहे. लटकून आहे."

म्हणजे मी वाकून गेली असती तं गावाले अजून एक साप शोधावा लागला असता.

आकडा सरनं काढला. प्रणाली जाऊन राह्यली होती, तं तिच्यावर ओरडले, "तिथीच उभी राह्य," अन् स्वतः काढला. आकडा पडला तसा त्यायनं बांबू फेकला, अन् पळसाच्या बुडाशी बसून ओकले. मी पाण्याची बाटली घेऊन गेली. त्यायनं चूळ भरली.

"बाई, हे पोरायले सांगू नका. वर्ग ऐकत नाई मंग."

"सर, तुमाले कधी लागला होता का करंट?"

"कधीच नाई. ज्याले लागला त्याले माहीत असते किती लागते. मले माहीत नाई. म्हणूनच."

इकडे प्रणाली मोटरपाशी उकिडवी बसली होती, हात गुडघ्यावर. महादू म्हणे, "बेटा, कर ना सुरू. धान जळून राह्यलं."

"तार गुंडाळा काका."

"गुंडाळतो ना, संध्याकाळी..."

"सगळी. मंग मोटर."

वर्ष तिचं जात होतं, धान त्याचं जात होतं. दोघायपैकी कोण जास्त थांबन, याचा खेळ होता. प्रणाली सरच्या हाताखालची, सगळ्यात हळू पोरगी. तिले कुठी घाई होती. महादूनं टोपी काढून घाम पुसला, अन् खुट्यावरून तार सोडाले लागला. अख्खी बांधी फिरला. आमच्या सुरेशची जागा आली, तिथी त्याचे हात थोडे अडले, तार गुंतली होती म्हणून. तसंच असन.

त्यानं काही कबूल केलं नाई, माफी मांगली नाई. आमीबी मांगाले लावली नाई. एक माणूस उन्हात तार गुंडाळून राह्यला होता अन् मी सावलीत बसून पाहून राह्यली होती. एवढ्या वर्षात मले कोणी एवढं फुकट दाखवलं नवतं.

मंग तिनं स्टार्टर खोललं. आत एक जोड जळून काळा पडला होता. तो कापला, घासला, नवा केला, हळूहळू, स्क्रूचा गळा दाबत. सर बाजूनं बसून राह्यले. फ्यूज लावला, बटन दाबलं, मोटर कण्हली अन् पाणी आलं. महादूचं धान माह्या नातीनं वाचवलं. त्यानं चहा सांगतला. आमी पेलो. चहाशी आमचं काही भांडण नवतं. स्थळाचं त्यानं पुन्हा काढलं नाई. पुढच्या साली तार पुन्हा लावली का, तं लावलीच असन, डुकरं काही कमी झाले नाई. पण आमच्या अंगानं नाई लावली.

अकरावी पास झाली प्रणाली. अन् सुट्टी संपता संपता निकुरे सरची बदली झाली. एटापल्लीले. साहेब म्हणत, मोठी जागा आहे. नकाशात मोठीच असन, जंगल धरून. इलेक्ट्रिकले दुसरा मास्तर आलाच नाई. साहेबानं बारावीच्या पोरायले बोलावलं, म्हणे, मास्तर नाही तर कोर्स कसा चालणार, ज्यांना बदलायचं त्यांनी बदलून घ्या. प्रणालीले म्हणे, "तुझी बालसंगोपनातली जागा अजून आहे."

ती म्हणे, "बाहुली आता मोठी झाली असन सर." अन् वर्गात जाऊन बसली. मास्तर नसलेल्या.

मंग शनिवारी सर याले लागले. एटापल्लीहून गडचिरोली, तिथी गाडी बदलून इकडे, दुपार होऊन जाये. कोणी बोलावलं नवतं, कोणी पगार देत नवतं. मी म्हटलं, "सर, एवढा खटाटोप कायले?" तं म्हणे, "तिकडे तुमच्यासारखे चने भेटत नाई." तिकडे चने नसन, असं कोण म्हणन. पण माणसाले सांगाले काहीतरी लागते. कॉलेजच्या आत त्यायले आता हक्क नवता, म्हणून सगळा वर्ग गेटाबाहेर कडुलिंबाखाली ये. साहेब खिडकीतून पाहात अन् खिडकी लावून घेत. साहेबाचं एवढं चांगलं काम मी दुसरं पाह्यलं नाई.

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेले बाहेरचे मास्तर आले होते. सर त्या दिवशीबी आले, शनिवार नसून. गेटाच्या आत पाय टाकला नाई. माह्या बाजूनं उभे राह्यले. मी चने पुढं केले, घेतले नाई. आतलं काही दिसत नवतं. एकेका पोराची पाळी येत होती, मोटर सुरू होई, बंद होई, पुन्हा सुरू होई. सरनं मान तिरपी केली होती.

एक वक्ती आत लय वेळ काहीच आवाज आला नाई. बाकीच्या पोरायच्या वक्ती एवढा वेळ लागला नवता. मी म्हटलं, "ही तीच असन."

"हाव," सर म्हणे. "पाहून राह्यली असन, बंद आहे का."

मंग मोटर सुरू झाली. घर्रर्र करून चढली अन् एका सुरात चालत राह्यली. सरनं ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. मंग पिशवी खांद्यावर टाकली.

मी म्हटलं, "थांबा ना सर, येईन आता ती. पास झाली का पाहून जा."

"बेरिंग वाजून राह्यला आहे," ते म्हणे. "पण चालन. मी निघतो बाई, गाडी जाईन."

रस्त्यात बकऱ्यायचा कळप आडवा आला होता. सर मधात उभे राह्यले, बकऱ्या दोन्ही अंगानं जाईपर्यंत, पिशवी डोक्यावर धरून, जसं काही बकऱ्या पिशवीच खाणार होत्या. मंग पलीकडे गेले. गाडी आली अन् त्यायले घेऊन गेली.

थोड्या वेळानं प्रणाली आली. हात काळे, ओढणी काळी.

"सर कुठी आहेत?"

"गेले."

"काही म्हणले?"

"बेरिंग वाजते म्हणले."

"वाजतेच," ती म्हणे, अन् माह्या बाजूनं बसून शेंगा सोलाले लागली.